बंद इंजिनाच्या शोधात: शहापूर ते मुरबाड

शहापूर-मुरबाडकडे लोक कशाला जातात, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. थोडे लोक माहुलीचा किल्ला चढतात, थोडे तानसा तलावाच्या बाजूला डबा खाऊन येतात आणि उरलेले सगळे प्लॉट बघायला जातात. मी बंद पडलेली इंजिनं विकत घ्यायला गेलो होतो. मॉडेलची इंजिनं. वीतभर लांब, बोटभर रुंद रुळांवर विजेने धावणारी. कुणी त्यांना खेळणी म्हटलं की माझं डोकं फिरतं, आणि म्हणणारे बहुतेक नातेवाईकच असतात.

जुनी, बिघडलेली इंजिनं घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा रुळावर पळवायची, हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग आहे. नाशिकच्या आमच्या घराची गॅलरी त्यासाठीच आहे, कपडे वाळत घालायला नाही, हे शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, कधीच मान्य केलेलं नाही. या उद्योगात मला इंजिनांनी कधी फसवलं नाही. विकणाऱ्यांनी मात्र दर वेळी फसवलं. ‘उत्तम स्थितीत, फक्त जरा तेल हवं’ म्हणजे मोटर जळलेली असते. ‘बरेच दिवस चालवलं नाही’ म्हणजे मुलाने गच्चीवरून टाकलेलं असतं. ‘चालू होतं, तुमच्याकडे येतानाच काहीतरी झालं असेल’ असं छातीला हात लावून सांगणारे महाभाग तर मी इतके पाहिलेत की आता मी ऐकूनही घेत नाही.

पण या वेळी मला बंदच इंजिन हवं होतं. माझा मोठा भाऊ, दादा, बोटीवर नोकरीला होता. त्याने हॅम्बुर्गहून एक जर्मन बनावटीचं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणलं होतं आणि सुट्टीला आला की तो ते जेवणाच्या टेबलावर चालवायचा. दादा गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी त्या इंजिनाच्या मागच्या आसावरचं प्लॅस्टिकचं दातेरी चाक उभं चिरलं. मोटर ठणठणीत होती, चाक हलत नव्हतं. कारखान्याने ते चाक बनवणं केव्हाच बंद केलंय. मी गोंद लावून पाहिलं, सातपूरच्या एका कारखानदाराकडून पितळी चाक करवून घेतलं. त्या गृहस्थाने मोठ्या अभिमानाने एक दाता जास्तच घालून दिला. आख्ख्या गावाची इंजिनं दुरुस्त करणारा मी, आणि दादाचं इंजिन कपाटात मुकं बसलेलं. मला त्याचा आवाज पुन्हा ऐकायचा होता, एवढंच. त्यासाठी तशाच दुसऱ्या इंजिनाचं चाक हवं होतं. मेलेलं इंजिन चाललं असतं, फक्त ते दुसऱ्या कुठल्या तरी आजाराने मेलेलं हवं होतं.

शहापूर

शौकिनांच्या आमच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी आपल्या काचेच्या कपाटाचा फोटो टाकला. दुसऱ्या फळीवर दादाच्या इंजिनाचं जुळं भावंड उभं होतं. ‘मिंट कंडिशन’, म्हणजे अगदी कोरं करकरीत, असं खाली लिहिलेलं; माझ्या अनुभवाप्रमाणे, म्हणजे बंदच. शैला म्हणाली, “अहो, फोटोवरून लग्नं ठरायची तेव्हाही लोक फसायचेच.” पण गाडी तीच चालवत होती. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर स्टिअरिंगवरचा माझा हक्क तिने काढून घेतलाय. कसारा घाट उतरताना उंबरमाळीच्या अंगाचं जंगल तिने मन भरून पाहिलं आणि मी तिला समोर बघ, समोर बघ, असं सांगत राहिलो.

गृहस्थांचा बंगला शहापूरच्या बाहेर, आटगावकडे जाताना. त्या भागात शेताच्या बांधाबांधावर हल्ली कमानी उभ्या राहिल्यात. कमानीवर डोंगर दिसत असल्याचं इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि त्या कमानीमुळेच डोंगर दिसत नाही. आत मुंबईचे निवृत्त लोक अर्धी चड्डी घालून आंब्याच्या रोपाकडे बघत उभे असतात. आमचे यजमान त्यातलेच. त्यांनी आधी विहीर दाखवली, मग सोलरचे पत्रे, मग कुत्रा. इंजिनांकडे यायला दोन चहा लागले.

कपाट होतं मात्र बघण्यासारखं. मी दादाच्या इंजिनाच्या जुळ्याला हात घातला, तर ते उचलेना. खालच्या रुळाचा तुकडाच सोबत वर आला.

“चिकटवलंय,” यजमान अभिमानाने म्हणाले. “ट्रक गेला की कपाट हलतं ना. सगळी इंजिन्स मी पर्मनंट करून टाकली.”

“कशाने?”

“तो झटपट गोंद असतो ना, ट्यूबमधला. एकेका चाकाला भरपूर सोडला. आता भूकंप झाला तरी हलणार नाही!”

मी भिंग लावून पाहिलं. गोंद चाकांवरून वर चढून दातेरी चाकांच्या फटीत जाऊन बसला होता आणि दाते सगळे एकजीव झाले होते. हे म्हणे संग्राहक. मी विचारलं, “तुम्ही ही कधी चालवली नाहीत?” त्यावर ते मी काही अश्लील बोलल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. “चालवायची कशाला? घासतात. हे कलेक्शन आहे.” घोड्यांचे पाय तोडून ठेवायचे आणि वर तबेला आहे म्हणून सांगायचं, असला प्रकार. किंमत तर त्यांनी अशी सांगितली की शैलाला ठसका लागला.

निघताना ते सहज बोलून गेले, “असंच अजून एक होतं. शेजारच्या बंगल्यातला माझा मित्र आणि मी, दोघांनी जोडीने घेतली होती. तो बंगला विकून गेला तेव्हा त्याने आपलं इंजिन, रूळ, सगळं तिथल्या राखणदाराला देऊन टाकलं. महादू नाव त्याचं. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे त्याचं गाव आहे. आता त्या माणसाला त्यातलं काय कळणार?”

चाकाला गोंद पाजणारा माणूस हे बोलत होता. मी फक्त गावाचं नाव विचारून घेतलं.

संध्याकाळी शहापूरच्या बाजारात फिरलो. डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, तार मी घरीच विसरलो होतो, म्हणून मोबाईल दुरुस्तीच्या एका दुकानात शिरलो. चाक ताडून बघायला मी दादाचं इंजिन पिशवीतून बरोबर आणलं होतं; दुकानदाराने ते उलटंपालटं केलं आणि म्हणाला, “अंकल, इसका डिस्प्ले नाय मिळणार.” त्याला डिस्प्ले नसतो, असं मी सांगितलं. “म्हणूनच नाय मिळणार,” तो म्हणाला. तार मात्र दिली. शैलाने तेवढ्यात बाजारातून वालाच्या शेंगा, लाल माठ आणि सुकटीचं एवढं मोठं गाठोडं घेतलं. सुकट रात्रभर लॉजच्या खोलीत आमच्याबरोबर राहिली. नाशिककर माणसाला सुक्या मासळीचा वास म्हणजे शिक्षा, पण शैलाच्या मते माझ्या डाग द्यायच्या धुरापेक्षा तो बरा.

किन्हवलीवरून सरळगाव

सकाळचा हा रस्ता मला आवडला, हे कबूल करतो. भात कापून झालं होतं. खाचरांत नुसती खुंटं, मधूनमधून पेंढ्याच्या उडव्या आणि ओल राहिलेल्या तुकड्यांत वाल टाकलेला. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षबागांतून औषधाचा वास येतो. इथे नुसता गवताचा होता. शैला दोन ठिकाणी थांबली आणि काकड्या घेतल्या. मी रस्ता विचारायला उतरलो तर पहिल्या माणसाने उजवीकडे सांगितलं, दुसऱ्याने डावीकडे, आणि तिसरा म्हणाला, “महादू ना? झुकझुकवाला? या सरळ जा ना, कुणाला इचारू नका.”

झुकझुकवाला. म्हणजे सगळ्या पंचक्रोशीला माहीत. मला बरं वाटलं आणि धास्तीही वाटली, कारण जी वस्तू गावभर फिरते ती धड राहत नाही.

हिराबाईची पडवी

घर कौलारू, पुढे सारवलेली पडवी. महादू बारीकसा, पांढऱ्या मिशांचा माणूस, बोलायला अगदी कंजूष. बोलायचं सगळं खातं त्याची बायको हिराबाई सांभाळते. आम्ही कोण, कुठून आलो, मुलं किती, सुकटीचा वास आमच्याच गाडीला येतोय का, हे सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, “इंजन बगाला आलेत गो हे. बसा. दाखवते.”

तिने ते देव्हाऱ्याच्या शेजारच्या कोनाड्यातून आणलं. मी ते उजेडाकडे धरलं. इंजिन तेच, पण वर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर पुन्हा हळद, असे कित्येक थर. धुराड्यात वाळलेलं झेंडूचं फूल. उलटं केलं तर आतून चार तांदूळ पडले.

“हे काय केलंत?”

“दसऱ्याला पुजतो ना,” हिराबाई म्हणाली. “कोयता, विळा, नांगराचा फाळ, फवारणीचा पंप, समदा मांडतो. मंग त्यालाच काय म्हणून वगळायचा? तेही लोखंडच हाय.”

आमच्या नाशिकलाही दसऱ्याला गाडीला हार घालतात. पण बॉनेट उघडून आत अक्षता कुणी ओतत नाही! मी पेचकस काढला आणि खालचं झाकण उघडलं. जे झालं होतं ते स्पष्ट होतं. तांदूळ दात्यांत अडकला, चाकं थांबली, हे लोक वीज सोडत राहिले आणि मोटर जळून गेली. तांदूळ चिमट्याने काढला. मागच्या आसावरचं ते दातेरी चाक, ज्याच्यासाठी मी इथवर आलो होतो, ते मात्र अगदी नव्यासारखं. एकही चीर नाही. मी भिंग लावून दोनदा खात्री केली आणि ते शैलाने पाहिलं.

“विकायचंय का?” मी शक्य तितक्या कंटाळलेल्या आवाजात विचारलं.

हिराबाईने नवऱ्याकडे पाहिलं. महादू जमिनीकडे बघत होता. “विकू की,” ती म्हणाली. “पण बंद पडलेली वस्तू आमी घरातनं बाहेर देत नाय. सासूपासनं चालत आलाय. भंगारवाला आला तरी घड्याळ चालू करून देतो. तुमी त्याला चालू करा, मंग बगू.”

ही अट ऐकून मला हसूच आलं. भंगारात द्यायचं घड्याळ आधी दुरुस्त करायचं! पण उपायही डोळ्यांसमोर होता. दादाचं इंजिन पिशवीत होतंच. त्याची मोटर काढून या इंजिनात घालायची, चालवून दाखवायची, विकत घ्यायची आणि घरी गेल्यावर मोटर आणि चाक दोन्ही दादाच्या इंजिनात. दोन स्क्रू आणि दोन डाग यांचं काम. “चहा उकळेपर्यंत करतो,” मी म्हटलं. शैलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

चहा उकळला, पिऊन झाला आणि वीज गेली. डाग देणार कशाने? “दुपारची येते,” एवढं एकच वाक्य महादू बोलला. मग तांदळाची गरमागरम भाकरी आली, वालाचं बिरडं आलं आणि सुकटीची चटणी आली. नाक मुरडत घेतलेली चटणी मी दोनदा मागून घेतली, हे इथे लिहावं अशी शैलाची अट आहे. जेवताना हिराबाई सांगत होती, शेठच्या बंगल्यात रविवारी पाहुणे आले की रूळ मांडून गाडी चालवायचं काम महादूचं. शेठ बंगला विकून गेला, गाडी याला देऊन गेला. “माझ्याशी बोलत नाय एवढा, त्या इंजनाशी बोलायचा. बंद पडला तवापासनं तेही नाय.”

मी ऐकत होतो, पण मान डोलावण्यापुरतंच. माझं सगळं लक्ष बल्बकडे होतं.

वीज आली. मी दादाची मोटर सोडवली, कुंकू खरवडून काढलं, डाग दिले. महादूने न सांगता पडवीत फळी आणून ठेवली. तिच्यावर रुळाचं वर्तुळ खिळ्यांनी ठोकून बसवलेलं. वीज पुरवायचा मूळचा खोका कधीच गेला होता, तर हा माणूस फवारणी पंपाची बॅटरी जोडून गाडी चालवत होता. मी हसलो, मग व्होल्ट मोजले आणि हसणं आवरलं. बरोबर जमत होते.

तारा जोडल्या. इंजिन जरा गुरगुरलं आणि निघालं.

तो दादाच्या मोटरचा आवाज होता. थोडा घोगरा, वळणावर चढणारा. मी तो इतक्या वर्षांनी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्याही. महादू उकिडवा बसला होता. इंजिन जिकडे जाईल तिकडे त्याची मान वळत होती आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होता. शेजारच्या दोन बाया कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. हिराबाईने आतून हळदीकुंकवाची कोयरी आणली तेव्हा मी ओरडलो, तशी तिने ती मागे घेतली.

“छान,” मी म्हटलं. “आता व्यवहाराचं बोलू.”

“कसला?”

“विकायचा.”

“आता कशाला विकू?” हिराबाईला खरंच आश्चर्य वाटलं. “आता तं चालू झाला.”

“तुम्हीच म्हणालात, चालू करा मग विकू!”

“मंग बगू, बोल्ले. बगितला. चालतो तं घरात राहू दे की. चालती वस्तू कोण घालवतो, साहेब?”

म्हणजे बंद असताना विकायची नाही आणि चालू झाल्यावरही विकायची नाही! शहापूरच्या गोंदवाल्यापर्यंत आजवर भेटलेल्या एकूण एक विक्रेत्याचा राग माझ्या डोक्यात एकदम चढला. मी बोलायला नको ते बोललो. फसवणूक म्हणालो, अडाणीपणा म्हणालो. आत मोटर माझी आहे, माझ्या भावाची आहे, हेही म्हणालो. शैला म्हणाली, “अहो, पुरे.” मी थांबलो नाही.

हिराबाईच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “तुमच्या भावाचा हाय तं काढून न्या,” ती म्हणाली. “आमी कुठं नको बोल्लो?”

महादूने वाकून बॅटरीची तार काढली. इंजिन अर्ध्या वळणावर उभं राहिलं. त्याने ते उचललं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि माझ्या हातात दिलं. मी स्क्रू काढले, डाग सोडवले, मोटर परत दादाच्या इंजिनात बसवली. पडवीत उजेड कमी होता म्हणून हिराबाई मोबाईलचा टॉर्च धरून उभी राहिली. “दिसतोय ना नीट?” तिने दोनदा विचारलं.

माझं सामान आवरून झालं. तेव्हा महादू पहिल्यांदा स्वतःहून बोलला.

“साहेब, तुमचा का चालत नाय?”

मी चिरलेलं चाक दाखवलं. त्याने आपल्या इंजिनाचं उघडलेलं पोट पाहिलं, त्यातलं धड चाक पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं. हिराबाईने पुढे होऊन ते चाक बोटाने फिरवलं. ते फिरलं.

“हा तं फिरतो,” ती म्हणाली. “म्हणजे बंद नाय. द्यायला हरकत नाय. न्या, साहेब. दोन्ही बंद ठेवून काय करायचा? एक तरी चालू दे.”

मला लाज वाटली. इतकी की मान वर करून तिच्याकडे बघवेना. पण चाक मी घेतलं. पैसे पुढे केले तर तिने हात पदराखाली घेतला. “एवढुशा चाकाचं काय पैसं,” म्हणाली आणि शैलाला आत बोलावून ओंजळभर वाल बांधून दिले. महादू रिकामं इंजिन कोनाड्यात ठेवायला आत गेला तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

 शैला माझ्याशी बोलली ती थेट घरी आल्यावर, आणि तेही सुकटीबद्दल.

चाक तंतोतंत बसलं. दादाचं इंजिन आता चालतं, त्याच आवाजात, वळणावर तसंच चढून. मी ते गॅलरीचं दार लावून चालवतो, थोडा वेळ. मग कोनाड्यातलं ते रिकामं इंजिन आठवतं आणि मी तार काढून टाकतो. परवा आमच्या ग्रुपची मंडळी घरी आली होती. त्यांनी सगळी इंजिनं बघितली, दोन-तीन चालवून पाहिली आणि मग एकाने कपाटातल्या दादाच्या इंजिनाकडे बोट दाखवून विचारलं, “हे चालतं का हो?”

शैला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“नाही,” मी म्हटलं. “बंद आहे.”